चिनी करारबद्ध मजूर आणि सरकारी देखरेख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशसच्या गिरमिटियांवर, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांवर, काहीही लिहिलं की आठवड्याभरात कुणाचं तरी पत्र हमखास येतं: चिनी मजुरांचंही असंच होतं ना? थोडं तसंच, थोडं अगदी वेगळं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून, उत्तराचा भाग दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. गावांची जुनी नावं वापरली आहेत: अमॉय म्हणजे आजचं शियामेन, कँटन म्हणजे ग्वांगझू, पेकिंग म्हणजे बीजिंग.

१. चिनी कुली व्यापार म्हणजे नेमकं काय? किती माणसं गेली?

दक्षिण चीनच्या बंदरांतून ठरावीक वर्षांच्या करारावर मजूर जहाजात भरायचे, समुद्रापार न्यायचे आणि तिथे तो करार मळेवाल्याला विकायचा, असा हा धंदा. माणूस विकला असं कुणी म्हणायचं नाही, कागद विकला म्हणायचं. १८४७ च्या जूनमध्ये 'ओकेंडो' हे जहाज अमॉयहून २०६ चिनी घेऊन हवानाला लागलं, तिथून क्युबाची मोठी ने-आण सुरू झाली. १८७४ पर्यंत क्युबासाठी सुमारे १ लाख ४१ हजार माणसं जहाजांवर चढली आणि सुमारे १ लाख २५ हजार उतरली. मधली सोळा हजार समुद्रात गेली. पेरूला याच काळात नव्वद हजार ते एक लाख गेले. त्यांतले काही चिंचा बेटांवर ग्वानो, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचं खत, खणायला. ब्रिटिशांच्या कॅरिबियन वसाहतींत गेले ते जेमतेम १८ हजार.

मागणी का वाढली ते उघड आहे. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, क्युबात गुलाम आणणं ब्रिटिश आरमारामुळे महाग आणि धोक्याचं होत गेलं आणि उसाचं क्षेत्र मात्र वाढतच होतं.

२. 'कुली' हा शब्द चिनी आहे की आपला?

आपल्याकडचाच. तमिळमधला 'कूलि' म्हणजे मजुरी, किंवा गुजरात-कोकण किनाऱ्यावरच्या कोळी समाजाचं नाव, अशा दोन व्युत्पत्ती सांगतात. वाद मिटलेला नाही. चिनी भाषेत हा शब्द बाहेरून गेला आणि तिथे तो लिहिताना 'कडू' आणि 'बळ' या अर्थाची दोन अक्षरं वापरली गेली. उच्चार जुळला, अर्थही भलताच जुळला. त्यामुळे शब्द मूळचा चिनीच आहे असा अनेकांचा समज होतो.

३. माणसं जमवत कशी? सगळ्यांनाच पळवून नेलं का?

सगळ्यांना नाही. दुष्काळ, ताइपिंग बंड, पुंती आणि हक्का या दोन समाजांतली लढाई यांनी उद्ध्वस्त झालेले काही जण स्वतःहूनही आले. पण डोक्यामागे पैसे मिळत असल्यामुळे दलाल थांबून राहणारे नव्हते. शेजारच्या गावात काम आहे म्हणून आणायचं, जुगारात हरवायचं आणि कर्ज फेडायला करार कर म्हणायचं, गुंगीचं औषध द्यायचं, लढाईतले कैदी विकत घ्यायचे, असे सगळे प्रकार चालत. चिनी लोक या धंद्याला 'डुकराची पिल्लं विकणं' म्हणत. जहाज येईपर्यंत माणसं ठेवायच्या जागेलाही त्याच धर्तीचं नाव होतं. मराठीत तिला कोंडवाडा म्हटलं की पुरे.

निघताना हातावर काही आगाऊ पैसे आणि कपडे मिळत आणि ते पुढे पगारातून कापले जात. ऊसतोडीतली 'उचल' ज्यांनी घेतलीय किंवा जवळून पाहिलीय त्यांना हे जास्त उलगडून सांगायला नको. तिथेही शेवटी ऊसच होता.

४. चीनचं सरकार काय करत होतं?

कागदावर पाहिलं तर जगातला सगळ्यात कडक कायदा चीनचाच होता. परवानगीशिवाय समुद्रापार जाणं हा छिंग राजवटीच्या कायद्यात देहदंडाचा गुन्हा. गोम अशी, की जाणंच बेकायदा असल्यामुळे जाणाऱ्याचं रक्षण करायला कुठलाच अधिकारी नेमता येत नव्हता. ज्या गोष्टीचं अस्तित्वच मान्य नाही तिच्यावर देखरेख कशी ठेवणार? स्थानिक अधिकारी कधी डोळेझाक करत, कधी चार दलालांची मुंडकी उडवत. हा जुना कायदा औपचारिकपणे रद्द व्हायला १८९३ उजाडलं, तोवर व्यापार संपून वीस वर्षं होत आली होती.

मधल्या काळात दरवाजा चीनने आपखुशीने उघडला नाही, तो युद्धात उघडला गेला. १८६० च्या पेकिंग कराराच्या पाचव्या कलमाने चिनी प्रजेला ब्रिटिश वसाहतींत कामाला जायची मोकळीक मिळाली. त्याच कलमात परवानगीबरोबर रक्षणाचे नियम करायची जबाबदारीही होती (ती कशी पार पडली यासाठी प्रश्न ८).

५. परदेशी कॉन्सल तिथे होते ना? त्यांनी का रोखलं नाही?

बऱ्याच ठिकाणी कॉन्सल, म्हणजे परदेशी सरकारचा बंदरातला प्रतिनिधी, आणि व्यापारी एकच माणूस होता. अमॉयमधला जेम्स टेट कुली भरतीतला बडा व्यापारी आणि तोच स्पेनचा कॉन्सल. म्हणजे स्पेनच्या ताब्यातल्या क्युबाला माणसं पाठवणारा तोच, आणि पाठवणी नीट झाली हे स्पेनच्या वतीने बघणाराही तोच.

१८५२ च्या नोव्हेंबरमध्ये याच अमॉयमध्ये लोकांचा संयम सुटला. लोकांनी पकडून दिलेल्या एका दलालाला सोडवायला साइम नावाचा ब्रिटिश व्यापारी थेट चौकीवर गेला. जमाव खवळला, ब्रिटिश नौसैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि चिनी माणसं मेली. नंतर कॉन्सलच्या न्यायालयाने साइमला २०० डॉलर दंड केला. दंगलीनंतर भरतीचा जोर अमॉयहून दक्षिणेकडे सरकला. एका बंदरात आवळलं की दुसऱ्या बंदरात सैल, हे पुढच्या प्रत्येक उत्तरात दिसेल.

६. ब्रिटिशांचा १८५५ चा कायदा काय होता? त्याचा उपयोग झाला का?

'चिनी प्रवासी कायदा' हे त्याचं नाव. हाँगकाँगहून सुटणारं कुठलंही जहाज आणि चीनच्या कुठल्याही बंदरातून सुटणारं ब्रिटिश जहाज, वीसपेक्षा जास्त आशियाई प्रवासी आणि सात दिवसांहून लांबचा प्रवास असेल तर या कायद्याखाली येई. उत्प्रवास अधिकाऱ्याने जहाज तपासायचं, माणशी जागा मोजायची, अन्नपाणी आणि औषधं बघायची, डॉक्टर आहे याची खात्री करायची. शिवाय प्रवाशांना आपण कुठे चाललोय हे कळलंय का, तेही विचारायचं.

यातलं मोजता येण्यासारखं सगळं मोजलं गेलं. शेवटचा मुद्दा मोजता येत नव्हता. शेकडो माणसं डेकवर उभी, एक दुभाषा, एक अधिकारी आणि सुटायच्या घाईतला कप्तान, यात 'कळलंय का' याचं उत्तर काय मिळणार? कायदा झाल्यानंतरच्याच वर्षी 'ड्यूक ऑफ पोर्टलंड' हे जहाज हाँगकाँगहून हवानाला ३३२ चिनी घेऊन निघालं आणि १२८ वाटेत मेले.

तरी कायदा अगदी फुकट गेला असं मी म्हणणार नाही. ब्रिटिश जहाजमालकांना क्युबा आणि पेरूची वाहतूक हळूहळू नकोशी झाली. ती इतरांच्या झेंड्याखाली गेली, हा त्याचा दुसरा परिणाम.

७. जहाजांवर इतकी बंडं आणि आगी का?

कारण जहाजाची बांधणीच बंडाची भीती धरून केलेली असे: तळमजल्याच्या तोंडावर लोखंडी जाळ्या, डेकवर माणसांकडे रोखलेली तोफ. मुक्त प्रवाशांना जाळी कशाला लागते, हा प्रश्न एकाही तपासणी-फॉर्मवर नव्हता.

१८५२ मध्ये 'रॉबर्ट बाउन'च्या कप्तानाने स्वच्छतेच्या नावाखाली मजुरांच्या वेण्या कापल्या. मजुरांनी त्याला मारून जहाज ताब्यात घेतलं. १८५९ मध्ये 'फ्लोरा टेंपल' दक्षिण चिनी समुद्रात खडकावर आदळलं तेव्हा कप्तान आणि खलाशी होड्यांतून निसटले आणि साडेआठशे चिनी जहाजावरच राहिले. १८७१ मध्ये 'डॉन हुआन' मकाव या चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज वसाहतीतून निघून दोनच दिवसांत पेटलं. झडपा बंद होत्या, सुमारे ६०० माणसं गेली. हे जहाज आधी दुसऱ्या नावाने याच धंद्यात होतं. नाव बदनाम झाल्यावर पाटी बदलली होती.

८. 'कँटन पद्धत' आणि १८६६ चा करार यांचं कौतुक वाचलं. मग ते टिकलं का नाही?

कौतुक बऱ्यापैकी रास्त आहे. १८५९ मध्ये कँटन इंग्रज-फ्रेंच सैन्याच्या ताब्यात होतं आणि शहरात अपहरणांनी कहर केला होता. लोक दलालांना रस्त्यात पकडून ठार मारू लागले, तेव्हा गव्हर्नर बोग्वेई याने प्रथमच जाहीर केलं की स्वखुशीने जाणाऱ्याला मोकळीक आहे आणि पळवणाऱ्याला देहदंड. त्यानंतर व्हाइसरॉय लाओ चोंगग्वांग आणि वेस्ट इंडीजचा ब्रिटिश एजंट ऑस्टिन यांनी मिळून उघड्या दाराचं भरती-घर सुरू केलं. करार वाचून दाखवायचा, चिनी अधिकाऱ्यासमोर सही घ्यायची, कुटुंबासकट जायला प्रोत्साहन द्यायचं. गयानाला गेलेल्या चिन्यांत बायका आणि मुलं दिसतात ती यामुळे.

५ मार्च १८६६ ला चीनचा राजपुत्र कुंग, ब्रिटनचा ऑल्कॉक आणि फ्रान्सचा बेलोने यांनी पेकिंगमध्ये २२ कलमांचा करार केला. पाच वर्षांची मुदत, आठवड्याला एक सुटी, दिवसाला साडेनऊ तास काम आणि मुदत संपल्यावर परतीचं भाडं मालकाच्या माथी. या शेवटच्या कलमावर घोडं अडलं. मळेवाल्यांनी हिशेब मांडला, चिनी मजूर परवडत नाही म्हणाले, आणि लंडन-पॅरिसने करार मंजूर केला नाही. त्याच सुमारास भारतातून मजूर मिळतच होते.

चीनने मात्र हट्ट धरला: नियम हेच, मान्य नसतील तर आमच्या बंदरांतून भरती नाही. ती बाकीच्या बंदरांतून आटली आणि जवळजवळ सगळी मकावला गेली.

९. पण मकावमध्ये तर पोर्तुगीज अधिकारी प्रत्येकाला विचारत होते, 'जायला तयार आहेस का?' मग जबरदस्ती कशी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि खरोखर अडचणीचा आहे. मकावमध्ये नियमांचं जंगल होतं. चिनी उत्प्रवासाचा खास अधीक्षक होता, नोंदवह्या होत्या, करार चिनी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत छापलेला होता, तो वाचून दाखवला जात होता आणि नकार देणाऱ्यांना परत पाठवल्याच्या नोंदीसुद्धा आहेत. कागद पाहिले तर आजही एखाद्या लेखापरीक्षकाचं समाधान होईल.

आता विचारणाऱ्याच्या नव्हे, उत्तर देणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. तो कोंडवाड्यातून आला आहे. 'हो' म्हण नाहीतर बघून घेऊ, हे त्याला आदल्या रात्री मार खाताना सांगितलंय. समोरचा साहेब परका, दुभाष्याची बोली वेगळी. 'नाही' म्हटलं तर साहेब सोडेल, पण दाराबाहेर रस्त्यावर, आणि तिथे तोच दलाल उभा. घर कित्येक कोस लांब, खिशात दमडी नाही. दुसऱ्यांदा विचारलं की माणूस 'हो' म्हणायचा. चौकशीच्या वेळी बदली माणूस उभा करून 'हो' म्हणवून घेतल्याच्याही तक्रारी पुढे क्युबात नोंदल्या गेल्या (प्रश्न १३).

माझं मत विचाराल तर मकावची देखरेख ढिली नव्हती, ती चुकीच्या जागी होती. संमती तपासायची ती शेवटच्या दारात, एकदाच, आणि त्या आधीच्या दोन आठवड्यांबद्दल कुणी काही विचारायचं नाही. शिवाय मकावच्या तिजोरीत याच धंद्यातून पैसा येत होता.

अखेर ब्रिटन आणि चीन या दोघांच्या दबावाखाली लिस्बनने डिसेंबर १८७३ मध्ये तीन महिन्यांची मुदत दिली आणि २७ मार्च १८७४ ला मकावची कुली-निर्यात बंद झाली.

१०. मकाव गोव्याच्या अखत्यारीत होतं म्हणे. मग गोव्याच्या सरकारची यात जबाबदारी किती?

प्रशासनाच्या बाबतीत जवळजवळ नाही. मकाव गोव्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली होतं ते १८४४ पर्यंत. त्यानंतर वेगळा प्रांत झाला. कुली व्यापार त्यानंतरचा.

११. अमेरिकेने १८६२ मध्ये बंदी घातली. मग कॅलिफोर्नियात रेल्वे बांधणारे हजारो चिनी कोण होते?

१९ फेब्रुवारी १८६२ च्या कायद्याने अमेरिकन नागरिकांना आणि अमेरिकन जहाजांना कुली वाहतूक करायला मनाई झाली. लिंकनची सही असलेला कायदा. पण स्वेच्छेने जाणाऱ्यांना त्यात मुभा होती. अमेरिकन कॉन्सलने तसा दाखला द्यायचा.

कॅलिफोर्नियाला गेलेले बहुतेक चिनी 'उधारीच्या तिकिटावर' गेले: भाडं कुणीतरी भरायचं, मजुराने कमावून व्याजासकट फेडायचं. कर्जाचा फास होता, पण आठ वर्षं एका मालकाला बांधणारा, विकता येणारा करार नव्हता. तरी तिथल्या राजकारण्यांनी सगळ्यांनाच सरसकट 'कुली' म्हटलं, कारण त्या शब्दाने चिन्यांना देशाबाहेर ठेवायला सोपं जात होतं. गुलामीविरोधी शब्द वंशद्वेषाच्या कामाला कसे लागतात याचं हे ठळक उदाहरण.

१२. 'मरिया लुझ' प्रकरण काय आहे? जपानचा यात काय संबंध?

'मरिया लुझ' हे पेरूचं जहाज १८७२ च्या मे महिन्यात मकावहून सुमारे २३० चिनी घेऊन निघालं आणि वादळात सापडून दुरुस्तीसाठी योकोहामाला लागलं. एक मजूर रात्री समुद्रात उडी मारून पोहत ब्रिटिश युद्धनौकेवर पोचला. परराष्ट्रमंत्री सोएजिमा यांनी चौकशीची सूत्रं ओए ताकू यांच्याकडे दिली आणि न्यायालयाने मजुरांना मोकळं करून चीनला परत पाठवलं.

गंमत सुनावणीत झाली. कप्तानाच्या वकिलाने विचारलं, तुमच्याकडे मुली करारावर वेश्यागृहांना विकल्या जातात, ते करार चालतात आणि हे नाही? जपानची पंचाईत झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेश्यांना अशा करारांतून मुक्त करणारा हुकूम निघाला. (तो कितपत पाळला गेला हा वेगळा आणि दुःखाचा विषय.) पेरूने भरपाई मागितली, लवाद म्हणून नेमलेल्या रशियाच्या झारने १८७५ मध्ये जपानच्या बाजूने निकाल दिला.

१३. मजुरांना स्वतः काय वाटत होतं, हे कुठे नोंदलंय का?

हो, आणि या सगळ्या इतिहासातली माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. १८७४ च्या मार्चमध्ये चीनने क्युबाला आयोग पाठवला. प्रमुख छेन लानबिन, सोबत चिनी जकात खात्यात नोकरीला असलेले मॅकफर्सन आणि ह्यूबर. आयोग मळे, साखर कारखाने, तुरुंग, कोठारं असा फिरला. १,१७६ जबान्या घेतल्या. १,६६५ जणांनी मिळून ८५ अर्ज दिले. पन्नासेक प्रश्नांखाली उत्तरं लावून अहवाल तयार झाला. म्हणजे साचा आपल्या या पानासारखाच.

निष्कर्ष असा की दहांतले आठ जण पळवून किंवा फसवून आणलेले. जबान्यांत कुणी चाबकाच्या खुणा दाखवतो, कुणी विहिरीत उडी टाकलेल्या सोबत्यांबद्दल सांगतो. इतकी वर्षं ज्यांना बंदरात एकाच शब्दात उत्तर द्यायला लावलं होतं, त्यांना पहिल्यांदाच पुरी वाक्यं बोलायला मिळाली, तीही मातृभाषेत, आपल्याच देशाच्या अधिकाऱ्यासमोर.

अहवालानंतर १७ नोव्हेंबर १८७७ ला स्पेनशी करार होऊन क्युबाची करारबद्ध भरती संपली आणि १८७९ मध्ये हवानाला चिनी कॉन्सल आला. पेरूची पाहणी चिनी अधिकारी युंग विंग यांनी केली. तिथून त्यांनी मजुरांच्या पाठींवरच्या वळांची छायाचित्रं आणली.

त्याच काळात हवानाला पोर्तुगालचा कॉन्सल होता एसा द केरोश, पुढे गाजलेला कादंबरीकार. जहाजं मकावहून येत असल्यामुळे या चिन्यांची जबाबदारी त्याच्या दप्तरी पडली आणि त्याने त्यांच्या बाजूने सरकारला लिहिलं.

१४. क्युबाचा करार आठ वर्षांचा होता. नववं वर्ष लागलं की माणूस मोकळा?

सुरुवातीला आलेल्यांपैकी काही जण झाले. महिना ४ पेसो पगारावर परतीचं भाडं साठणं मात्र अवघड. नंतर स्पॅनिश सरकारने मेख मारली: १८६० च्या नियमांप्रमाणे १५ फेब्रुवारी १८६१ नंतर आलेल्याने मुदत संपल्यावर नवा करार करायचा, किंवा दोन महिन्यांत स्वखर्चाने बेट सोडायचं. ओळखपत्राशिवाय सापडला तर पळपुटा समजून अटक आणि सरकारी कामावर रवानगी. म्हणजे कागद आठ वर्षांचा, व्यवहार बेमुदत.

१५. मग याला सरळ गुलामगिरीच का म्हणू नये?

क्युबातला चिनी आणि आफ्रिकी गुलाम एकाच मळ्यात, एकाच चाबकाखाली राबले. तरी चिन्याला कागदावर पगार होता, त्याची मुलं जन्मतः गुलाम ठरत नव्हती आणि त्याला फिर्याद करायचा हक्क होता. कैक जणांनी तो वापरून पाहिलाही. मी 'गुलामगिरीसारखी करारबद्ध मजुरी' असं अवघडलेलं वर्णन वापरतो आणि त्यावर वाचक रागावतात, हे मला ठाऊक आहे.

हाच वाद १९०६ मध्ये ब्रिटिश संसदेत झाला, तो दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या खाणींवरून. १९०४ च्या मे महिन्यात चीन आणि ब्रिटन यांच्यात नवा करार झाला आणि पुढच्या काही वर्षांत उत्तर चीनमधून सुमारे ६४ हजार मजूर जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणींत गेले. देखरेखीचा थाट या वेळी आजवरचा सगळ्यात मोठा: स्वतंत्र खातं, अधीक्षक, निरीक्षक, डॉक्टर, सक्तीने परत पाठवणी, जोहान्सबर्गला चिनी कॉन्सल. तरी मजूर आवारातून बाहेर पडायचा तर परवाना हवा, कुशल काम करायला बंदी, आणि खटल्याशिवाय फटके मारायला परवानगी मिळाल्याचं १९०५ मध्ये उघडकीस आलं. निवडणुकीत 'चिनी गुलामगिरी'ची भित्तिपत्रकं लागली. लिबरल पक्ष सत्तेवर आल्यावर त्यांचे चर्चिल संसदेत म्हणाले की याला पूर्ण अर्थाने गुलामगिरी म्हणणं म्हणजे शब्दांच्या बाबतीत काहीसा अचूकपणा सोडणं होईल. शेवटचे मजूर १९१० मध्ये परतले.

१६. गांधीजींच्या ट्रान्सवालमधल्या सत्याग्रहात चिनी होते. ते हेच खाणमजूर का?

नाही. ते ल्यूंग क्विन यांच्यासारखे आधीपासून तिथे राहणारे व्यापारी आणि दुकानदार. खाणमजूर वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या आवारांत होते.

१७. आपल्या गिरमिटियांपेक्षा फरक काय? मुंबईहूनही जहाजं गेली होती ना?

गेली. १८४२ नंतर कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबईहूनही मॉरिशसला जायची कायदेशीर सोय झाली. रत्नागिरी, सावंतवाडी, साताऱ्याकडची माणसं गेली आणि त्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात. फसवणूक, उचल, अंगठा हे सगळं इकडेही होतं.

मोठा फरक असा की भारतात निघायचं बंदर आणि बहुतेक वेळा पोचायचं बेट एकाच साम्राज्याचं होतं. त्यामुळे दोन्ही टोकांना 'संरक्षक' नेमता आले, नोंदी जुळवता आल्या, गैरप्रकार झाला की काही काळ भरती बंद ठेवता आली. चीनच्या बाबतीत निघणारा देश एक, जहाज दुसऱ्याचं, बंदर तिसऱ्याचं, मळा चौथ्याचा. प्रत्येकाने आपापला कागद चोख ठेवला. पण चांगली कागदपत्रं म्हणजे न्याय नव्हे, हे आपल्याकडेही गोपाळ कृष्ण गोखल्यांना सांगावं लागलं. ४ मार्च १९१२ ला त्यांनी केंद्रीय विधिमंडळात गिरमिट पद्धत पूर्ण बंद करायचा ठराव मांडला, सुधारणा करायचा नव्हे. तो फेटाळला गेला; भरती थांबली ती १९१७ मध्ये.

१८. सिंगापूर-मलायाचं काय? तिथे तर सगळ्यात जास्त चिनी गेले.

खरंय, पण तिथे बहुतेक व्यवहार चिनी दलाल आणि चिनी मालक यांच्यातच, उधारीच्या तिकिटावर (प्रश्न ११). सिंगापूरला १८७७ मध्ये चिनी संरक्षक कार्यालय सुरू झालं आणि विल्यम पिकरिंग याला नेमलं, कारण चिनी बोली अस्खलित बोलणारा असा युरोपीय अधिकारी तिथे तोवर नव्हताच. मजुराशी थेट, मध्ये दुभाषा न घेता बोलणं हा त्याच्या कामाचा कणा. गुप्त मंडळांना तो इतका खुपला की १८८७ मध्ये कचेरीतच त्याच्यावर कुऱ्हाडीचा घाव पडला. तो वाचला.

१९. मग हा प्रकार नक्की संपला कधी?

एक तारीख सांगता येत नाही. मकावहून १८७४, क्युबासाठी कायद्याने १८७७, ट्रान्सवाल १९१०, मलायातली करारबद्ध चिनी मजुरी १९१४. आणि त्यानंतर दोनच वर्षांत पहिल्या महायुद्धासाठी प्रामुख्याने शांतुंग प्रांतातून पुन्हा करारावर भरती सुरू झाली: ब्रिटिशांसाठी सुमारे ९५ हजार, फ्रेंचांसाठी सुमारे ४० हजार. ब्रिटिशांचं केंद्र वेहाइवेई. तिथे डॉक्टरी तपासणी व्हायची, करार समजावून सांगितला जायचा, दहा बोटांचे ठसे घेतले जायचे, घरच्यांना दरमहा पैसे पोचवायची सोय केली जायची आणि मग क्रमांक कोरलेली धातूची पट्टी मजुराच्या मनगटाभोवती रिव्हेट मारून पक्की केली जायची.